538 ब्रास माती आणि परिच्छेद 51

एक हेक्टर रानातली अर्धा फूट काळी माती म्हणजे नेमकी किती माती? हेक्टरचे 1,07,639 चौरस फूट, गुणिले अर्धा फूट, भागिले शंभर. 538 ब्रास (शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास). ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण ब्रासभर माती बसते, म्हणजे 538 खेपा. सप्टेंबर 2025मध्ये सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा या नद्यांच्या काठची रानं खरडून निघाली आणि खालचा मुरूम उघडा पडला, तेव्हा ज्याचं रान गेलं त्याच्यापुढे हा आकडा उभा राहिला. सोयाबीन गेलं तर एक खरीप जातो. माती गेली तर ती तलावातून उकरून, ट्रॉलीनं वाहून, पसरून, सपाट करून घ्यावी लागते आणि त्या गाळाला रानाचा कस यायला पुढे आणखी काही वर्षं जातात.

2025मध्ये आपत्ती निधीच्या निकषांत अशा जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये होते. 538नं भागले तर ब्रासमागे 87 रुपये. यात एक खेपही होत नाही. ऑक्टोबर 2025च्या राज्य सरकारच्या पॅकेजमध्ये त्यावर मनरेगातून हेक्टरी 3 लाखांची भर घातली गेली, म्हणजे ब्रासमागे साधारण 645 रुपये. हा आकडा वास्तवाच्या बराच जवळ येतो. पण मनरेगाचा पैसा हातात पडणारा नव्हता, तो कामाच्या रूपानं येणार होता. जॉबकार्ड हवं, कामाला मंजुरी हवी, मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, निघायला हवं आणि मजुरी व साहित्य यांचं 60:40 प्रमाण राखायला हवं. मजुरांची जागा घेणारी यंत्रं शक्यतो वापरू नयेत, असं मनरेगाच्या कायद्यातच लिहिलेलं होतं. 538 ब्रास गाळ घमेल्यानं कोण भरणार? जेसीबी लागतोच आणि जेसीबीचं बिल मस्टरवर चढत नाही.

या सगळ्याला आपण भरपाई म्हणतो. पारावर, तहसीलच्या ओट्यावर, टीव्हीवर, सगळीकडे हाच शब्द. शासन निर्णय उघडून पाहिला तर तिथे मात्र वेगळे शब्द आहेत: ‘निविष्ठा अनुदान’ आणि ‘विहित दराने मदत’. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 हे 2025चे ठरलेले दर. त्याच वर्षी रब्बीच्या तयारीसाठी राज्यानं त्यात हेक्टरी 10,000 घातले. हा आधार पुढची पेरणी व्हावी म्हणून आहे. गेलेल्या पिकाची किंमत त्यात मोजलेली नसते. आणि ते कुणामुळे गेलं, हा प्रश्न तर निघतच नाही. पाऊस आला, पूर आला, नैसर्गिक आपत्ती झाली. आपत्तीला कुणी देणेकरी नसतो, म्हणून मिळेल ती मदत.

हा शब्दांचा खेळ क्षुल्लक वाटत असेल, तर पॅरिस कराराचे कागद वाचावेत. डिसेंबर 2015मध्ये झालेल्या त्या कराराचं आठवं कलम ‘हानी आणि नुकसान’ या विषयाला दिलेलं आहे. गरीब देशांना, विशेषतः बुडायला आलेल्या बेटांना, हे कलम मिळवायला पंचवीसेक वर्षं लागली. वानुआतू या प्रशांत महासागरातल्या छोट्या देशानं बेटांच्या वतीनं 1991मध्येच सुचवलं होतं की समुद्र चढल्यामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी एक विमा निधी उभारावा आणि त्याचा भार औद्योगिक देशांनी उचलावा. तेव्हा ते बाजूला पडलं. पॅरिसमध्ये कलम मिळालं, पण करारासोबतच्या निर्णयात एक्कावन्न क्रमांकाचा छोटा परिच्छेद घातला गेला. त्याचा अर्थ असा की, आठवं कलम हे कोणत्याही दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार होऊ शकणार नाही. श्रीमंत देशांची ती अट होती. नुकसान झालं हे मान्य, पण ते कुणी केलं यावर बोलायचं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. मदत मागा, भरपाई मागू नका.

आता देणेकरी कोण, याचा हिशेब. इथे एक गोंधळ नेहमी होतो. आज चीनचं उत्सर्जन जगात सगळ्यात जास्त आहे, भारताचंही वाढतं आहे, मग दोष जुन्या देशांनाच का, असं विचारलं जातं. उत्तर समजायला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, डोळ्यांपुढे आणावा. जायकवाडीच्या दारातून पाणी सोडायची वेळ येते तेव्हा फक्त त्या दिवशीची आवक मोजून चालत नाही, आधी साठलेलं किती हे बघावं लागतं. कार्बन डायऑक्साइडचं तसंच आहे. हवेत गेलेल्या या वायूचा मोठा भाग शतकानुशतकं तिथेच राहतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 280 भाग होते, आज 420च्या वर आहेत. या साठ्यात एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास चौथा हिस्सा आहे. जगातली सहापैकी एकाहून जास्त माणसं भारतात राहतात, पण साठ्यातला आपला वाटा तीन-चार टक्क्यांच्या घरात. दरडोई पाहिलं तर आजही भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे 2 टन, अमेरिकी माणसामागे सुमारे 14 टन.

पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991मध्येच दिल्लीतून हा मुद्दा जगापुढे ठेवला होता. धानाच्या खाचरातून आणि गोठ्यातल्या जनावरांतून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारींचा धूर एकाच तराजूत घालू नका, जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीसाठीचं उत्सर्जन यांत फरक करा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1992च्या रिओ परिषदेत जो हवामान करार झाला, त्यात ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व लिहिलं गेलं. सगळ्या वाटाघाटींचा पाया तो आहे आणि सगळ्यात जास्त झीज त्याचीच झालेली आहे.

मग मांजराकाठच्या पुराचा या साठ्याशी संबंध काय? हवा एका अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. पाऊस लांबतो आणि पडला की कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. मराठवाड्याचा पावसाळी हंगाम सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपासचा. त्यातला मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत उतरला तर मधले खंड पीक वाळवतात आणि शेवटचे चार दिवस ते कुजवतात. सोयाबीनला याचा सगळ्यात वाईट फटका बसतो, कारण ऐन काढणीत, सप्टेंबरच्या अखेरीस पाणी आलं की शेंगेतच कोंब फुटतात आणि कापून लावलेली बनीम (गंजी) आतून तापून काळी पडते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं हवामानावर ढकलणं हाही अन्याय आहे. ओढे नांगरून रानात घेतले, नाल्यांवर भराव घालून रस्ते केले, पुलांच्या मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या, भरलेल्या धरणांतून एकदम विसर्ग झाला, हेही पुराला तितकंच जबाबदार असतं. तापलेल्या हवेनं त्या पावसाची शक्यता वाढवली आणि त्याचा जोर वाढवला, इतकंच विज्ञान सांगतं, आणि तेवढं पुरेसं आहे. देणेकऱ्याला नुकसानीतला त्याचा वाटा द्यायचा असतो, सगळं नव्हे.

तो वाटा प्रत्यक्षात किती येतो? नोव्हेंबर 2022मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत हानी-नुकसान निधी स्थापायचं ठरलं. 30 नोव्हेंबर 2023ला, दुबईच्या परिषदेच्या पहिल्याच दिवशी, तो कार्यान्वित झाला आणि टाळ्या वाजल्या. संयुक्त अरब अमिराती आणि जर्मनीनं प्रत्येकी 10 कोटी डॉलर कबूल केले. साठ्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या मालकानं, अमेरिकेनं, 1 कोटी 75 लाख डॉलर. पुढे 2025च्या मार्चमध्ये तो देश निधीच्या मंडळातूनच बाहेर पडला. साऱ्या जगाची मिळून कबूल झालेली रक्कम 80 कोटी डॉलरच्या आसपास आहे. डॉलर 88 रुपयांचा धरला तर सुमारे 7,000 कोटी रुपये. एकट्या महाराष्ट्रानं 2025च्या एका पावसाळ्यासाठी जाहीर केलेलं पॅकेज 31,628 कोटींचं होतं. त्यात विमा, मनरेगा, रस्ते-विजेची दुरुस्ती सगळं धरलेलं आहे, हे खरं. तरीही जगभराच्या निधीच्या चौपटीहून जास्त.

पुढचं गणित याहून बारीक आहे. निधीच्या पहिल्या टप्प्यात 25 कोटी डॉलर वाटायचं ठरलं आणि एका प्रस्तावाला 50 लाख ते 2 कोटी डॉलर अशी मर्यादा घातली. किमान निम्मी रक्कम छोट्या बेटांसाठी आणि अतिअविकसित देशांसाठी राखीव. ते रास्तच आहे, त्यांची गरज आपल्यापेक्षा निकडीची. भारत या दोन्ही याद्यांत नाही. तरी समजा, एक संपूर्ण 2 कोटी डॉलरचा प्रस्ताव मराठवाड्याच्या मातीसाठी मंजूर झाला. 176 कोटी रुपये. हेक्टरी 3 लाख 47 हजार धरले तर जेमतेम 5,000 हेक्टरांचं काम.

मोठे आकडे वेगळ्या खात्यात आहेत. 2009मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी 2020पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू असं कबूल केलं. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबानं ते 2022 साली पहिल्यांदा पूर्ण झालं. 2024च्या नोव्हेंबरमध्ये अझरबैजानच्या बाकूत 2035पर्यंत वर्षाला 300 अब्ज ठरले. मागणी 1,300 अब्जांची होती. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच उभं राहून हरकत नोंदवली, पण तोवर हातोडा पडला होता. आणि या आकड्यांच्या पोटात काय आहे ते पाहिलं पाहिजे. सार्वजनिक पैशातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग कर्जाचा. कर्जाची पूर्ण मुद्दल ‘हवामान वित्त’ म्हणून मोजली जाते, व्याजासकट परत आली तरी.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात, मुख्यतः मराठवाडा-विदर्भातल्या पाच हजारांवर गावांत 2018पासून राबवला गेला. शेततळी, ठिबक, शेडनेट, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी, बीजोत्पादन. गावागावांत त्याचा उपयोग झालेला दिसतो, त्याबद्दल वाद नाही. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीचा हा सुमारे 4,000 कोटींचा प्रकल्प. त्यातले 70 टक्के जागतिक बँकेचं कर्ज, 42 कोटी डॉलरचं. उरलेले राज्याचे. म्हणजे दुसऱ्यानं तापवलेल्या हवेत तगून राहण्यासाठी जे शेततळं खोदलं, त्याचे हप्ते आपणच फेडायचे. बांध फोडणाऱ्यानं बांध घालायला व्याजानं पैसे द्यावेत, अशातला हा प्रकार. गावकीत हे कुणी चालवून घेतलं नसतं.

आणि वसुली करायची असते तेव्हा हेच देश किती काटेकोर होतात, तेही पाहण्यासारखं आहे. युरोपीय संघानं 1 जानेवारी 2026पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे मालावर सीमेवरचा कार्बन आकार लागू केला. टनामागे किती कार्बन निघाला याचा दाखला द्यायचा, तितकी प्रमाणपत्रं आयातदारानं विकत घ्यायची, पैसा युरोपच्या तिजोरीत. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून होणारी सळई मुख्यतः देशातच खपते, त्यामुळे तिथे आज थेट झळ नाही. पण तत्त्व ध्यानात घ्यावं. हानी-नुकसान निधीत पैसे टाकणं ऐच्छिक; सीमेवरचा आकार सक्तीचा. एका बाजूला टन न् टन मोजला जातो, दुसऱ्या बाजूला दीडशे वर्षांचे टन मोजायला कुणी तयार नाही.

23 जुलै 2025ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं, तेव्हा परिच्छेद 51च्या भिंतीला पहिल्यांदा तडा गेला. ही मागणी मुळात प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांची, 2019ची. वानुआतूनं ती उचलली, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं मार्च 2023मध्ये न्यायालयाकडे पाठवली. न्यायालयानं सांगितलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याचा भंग झाला तर पूर्ण परिमार्जनाचा प्रश्न उभा राहू शकतो, भरपाईसुद्धा. ‘भरपाई’ हा शब्द दहा वर्षांनी परत आला. मत सल्लागार स्वरूपाचं आहे, बंधनकारक नाही. शिवाय अट कडक आहे: कृती आणि नुकसान यांत पुरेसा थेट आणि निश्चित कार्यकारणसंबंध दाखवावा लागेल. इथे आपल्या देशाबद्दलही बोलायला हवं. डिसेंबर 2024च्या सुनावणीत भारतानं ऐतिहासिक प्रदूषकांवर बोट ठेवलं ते बरोबरच, पण आधीच्या करारांपलीकडे नवी बंधनं निर्माण करू नका, असंही सांगितलं. वाढती अर्थव्यवस्था म्हणून हा सावधपणा समजतो. तेरणाकाठच्या माणसाच्या हिताचा तो होता, असं मला वाटत नाही.

देशानं बाहेर न्याय मागावा आणि तोच न्याय आत नाकारावा, हे तर रोजचं आहे. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून ‘जलदूत’ गाडी लातूरला आली, पहिल्या खेपेत 5 लाख लिटर पाणी घेऊन. मांजरा धरण कोरडं होतं. त्याच खोऱ्यात वर्षानुवर्षं ऊस उभा होता. ज्यांच्या वावरात ऊस नव्हता, त्यांनीच कोयता घेऊन, उचल घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला जायचं आणि टंचाईत टँकरपुढे घागरीही त्यांनीच लावायच्या. अशी सावकाश चढत जाणारी हानी मोजायला आपल्याकडे पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) आहे, पन्नासच्या आत आली की दुष्काळसदृश. पूर एका रात्रीत दिसतो, दुष्काळ आठ महिने रेंगाळतो. जागतिक चर्चेतही हाच पेच आहे. वादळाचा हिशेब लवकर होतो, सावकाश खंगत जाणाऱ्या मुलखाचा होत नाही.

पंचनाम्यात जे बसत नाही ते जणू घडलंच नाही. 2025च्या दरांनी दुभती गाय-म्हैस दगावली तर 37,500 रुपये, बैल 32,000, शेळी-मेंढी 4,000. पण दाव्याला शवविच्छेदनाचा दाखला लागतो. पुरात वाहून गेलेल्या जनावराचं शव कुठून आणायचं? कानातला बिल्ल्याचा क्रमांक, पशुवैद्यकाकडची जुनी लसीकरण नोंद, दूध डेअरीचं खातं, यांतलं काही हाताशी असेल तर निदान ते जनावर होतं हे तरी सिद्ध करता येतं. पाऊस महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) ठिकाणच्या केंद्रावर मोजतात आणि 24 तासांत 65 मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी धरतात. शेजारच्या शिवारात ढग कोसळला आणि केंद्रावर 58च भरला, तर पहिला वाद तिथेच सुरू होतो. पीकविम्यात 2025च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीचा निकष वगळून फक्त पीककापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर भरपाई ठेवली गेली आणि त्याच खरिपात पूर आला. शाळा कायमची सुटलेल्या पोरीसाठी, ऊसतोडीला कारखान्यावर एक महिना आधी निघालेल्या जोडप्यासाठी तर रकानाच नाही. आंतरराष्ट्रीय भाषेत याला आर्थिकेतर हानी म्हणतात. नाव आहे, रक्कम नाही.

म्हणून गावानं स्वतःची नोंद ठेवणं मला सगळ्यात निकडीचं वाटतं. उद्या कुठल्याही दारात, जिल्ह्याच्या किंवा जगाच्या, कार्यकारणसंबंध विचारला जाईल तेव्हा लागेल ती साधी वही. ग्रामपंचायतीत एक रजिस्टर. त्यात साध्या पर्जन्यमापकावर रोज सकाळी साडेआठला घेतलेला पाऊस. पुराचं पाणी कुठल्या भिंतीवर कितव्या विटेपर्यंत चढलं आणि किती तास थांबलं. गट नंबर, तारखेसह आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो, ग्रामसभेत वाचून घेतलेल्या सह्या. आणि माती किती गेली.

ती मोजायला पाण्याची गवंडी नळी, दोरी आणि टेप पुरतो. बांधावरच्या कडुलिंबाच्या खोडावर जुन्या जमिनीची रेघ राहिलेली असते. रेघेच्या वर साल काळपट, खाली मुळ्या फिकट, ओलसर. विजेच्या खांबाचं काँक्रीटही असंच उघडं पडतं. पण खोडाच्या बुडाशीच टेप लावू नये. तिथे पाणी भोवरा घेतं आणि जास्त खणतं. आकडा फुगतो आणि एका फुगलेल्या आकड्यानं सगळी वही खोटी ठरते. रानाच्या दोन टोकांच्या जुन्या खुणांमध्ये नळीनं उतार जुळवून दोरी ताणावी, दर वीस पावलांवर दोरीपासून मुरमापर्यंत टेप सोडावा, निदान दहा ठिकाणी, आणि दहाही आकडे जसेच्या तसे लिहावेत, सरासरी नंतर काढावी. हे काम पूर ओसरून वाफसा आल्यावर लगेच, रब्बीची पाळी घालण्याआधी करावं लागतं. एकदा कुळव फिरला की खुणा राहत नाहीत.